संगणकातील बिऱ्हाड

रत्नागिरी जिल्ह्यात घर बांधावयाचे ठरले, म्हणजे जाणता गवंडी पहिल्याने जागेकडे पाहतो. घर किती खणांचे हवे, हे घरधनी सांगतो; परंतु त्या खणांपुरतीच जागा पुरेल, असे गवंडी कधी मानीत नाही. जांभ्या दगडाचे चिरे आणून रचावे कोठे, वाळूचा ढीग कोठे पडावा, सुताराने वासे तासावे कोठे, याचा विचार त्याला आधी करावा लागतो. घर उभे राहिल्यावरही अंगण हवेच; कारण कौलारू घर पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. कौले उतरवून मांडून ठेवावी लागतात, फुटकी निवडून काढावी लागतात आणि त्यांच्या जागी नवी बसवावी लागतात. उतरलेली कौले ठेवावयास ज्याच्या दारी जागा नाही, त्याच्या घराची शाकारणी नीट होत नाही आणि मृग लागताच घर गळू लागते.

संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविताना नेमका असाच हिशेब करावा लागतो. तो चुकला, तर यंत्र चांगले असूनही काम मध्येच अडून बसते.

संगणक हे यंत्र नुसते विकत आणून ठेवले, तरी त्याच्याकडून फारसे काही होत नाही. कळफलकावरील कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर कोणते अक्षर उमटवावे, छापणाऱ्या यंत्राकडे मजकूर केव्हा धाडावा, लिहिलेला निबंध कोठे जपून ठेवावा आणि मागताच तो कोठून काढून द्यावा, ही सर्व व्यवस्था पाहणारा एक कारभारी यंत्रात असावा लागतो. हा कारभारी म्हणजे माणूस नव्हे. तो आज्ञांचा एक प्रचंड संच आहे. त्या संचालाच ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. विंडोज, लिनक्स, भ्रमणध्वनीमधील अँड्रॉइड ही त्यांपैकी काही नावे होत. यंत्राची वीज गेली, की त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतील, म्हणजे रॅममधील, सर्व काही पुसले जाते. म्हणून या कारभाऱ्याचे कायमचे बिऱ्हाड तेथे राहू शकत नाही. ते हार्ड डिस्कवर, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेले न विसरणाऱ्या चकतीवर, थाटावे लागते. अलीकडे या चकतीच्या जागी एसएसडी नावाचा भाग बसवितात. त्यात फिरणारे असे काहीच नसते, तरी बोलताना लोक त्यालाही डिस्कच म्हणतात.

आता या बिऱ्हाडाला जागा किती लागते, हे पाहावयाचे तर आधी माप ठाऊक हवे. संगणकातील जागा बाइट या मापाने मोजतात. रोमन लिपीतील साधे एक अक्षर एका बाइटात मावते. रत्नागिरी हे नाव रोमन लिपीत लिहिले, तर त्याला नऊ अक्षरे आणि म्हणून नऊ बाइट लागतात. देवनागरीत तेच नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. परंतु संगणक त्याची फोड र, त, हलन्ताचे चिन्ह, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र आणि दीर्घ वेलांटी अशी नऊ घटकांत करतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या इस्की या मानकाप्रमाणे या नऊ घटकांना नऊच बाइट लागत. आज सर्वत्र रूढ झालेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत मात्र देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट द्यावे लागतात, म्हणून रत्नागिरीला सत्तावीस लागतात. जगातील सर्व लिप्या एकाच पंगतीला बसवावयाच्या म्हटल्यावर पान थोडे मोठे घ्यावे लागले, एवढेच. सुमारे हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी आणि हजार एमबींचा एक जीबी होतो.

एके काळी ही जागा फार मौल्यवान होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी घडविलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही जागा १०,२४० बाइट भरते. म्हणजे रत्नागिरी हा शब्द देवनागरीत त्यात ३७९ वेळा लिहिला, की स्मृती भरली! अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने १९५६ साली चकत्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र विक्रीस आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्याचे वजन सुमारे एक टन होते, आणि एवढ्या खटाटोपातून जागा मिळे ती ५० लाख अक्षरांची. भ्रमणध्वनीत घालावयाचे नखाएवढे ६४ जीबीचे कार्ड घेतले, तर अक्षरांच्या हिशेबाने त्यात तशी १२,८०० यंत्रे सामावतील.

जागा स्वस्त झाली, तसा कारभाऱ्याचा संसारही वाढत गेला. १९८१ साली आलेली डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम एका फ्लॉपीवर, म्हणजे हातात धरावयाच्या लवचिक चकतीवर, मावत असे. १९९५ सालच्या विंडोज ९५ ला सुमारे ५० ते ५५ एमबी जागा लागे. २००१ च्या विंडोज एक्सपीने दीड जीबी मागितली. २००९ च्या विंडोज ७ ने यंत्राच्या प्रकाराप्रमाणे १६ किंवा २० जीबी मागितली. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी तर किमान ६४ जीबीची डिस्क असावी, अशी अटच घातली गेली. १९९५ सालची गरज आंब्याची एक पेटी मानली, तर २०२१ सालची गरज हजाराहून अधिक पेट्या भरेल. सव्वीस वर्षांत घरातील माणसाची गरज हजारपट वाढल्याचे कोणी ऐकले नसेल.

ही वाढ सगळीच उधळपट्टी होती, असे मात्र म्हणता येत नाही. डॉसच्या पडद्यावर बहुधा नुसती अक्षरे दिसत. आजच्या पडद्यावर बारीक ठिपक्यांची सुबक चित्रे दिसतात आणि त्या प्रत्येक चित्राला जागा हवी असते. छापणारी यंत्रे, कॅमेरे, ध्वनिवर्धक यांचे असंख्य प्रकार बाजारात आहेत. कोणते यंत्र केव्हा जोडले जाईल याचा नेम नसल्यामुळे पुष्कळांची ओळख आधीच करून ठेवावी लागते. जुन्या पद्धतीने लिहिलेली साधने नव्या यंत्रावरही चालावीत, म्हणून काही भाग दोन-दोन प्रकारांत ठेवावे लागतात. शिवाय जगातील लिप्यांचे टंक सोबत द्यावे लागतात. देवनागरीचा एक टंक बहुधा एक एमबीहूनही लहान असतो, कारण मोजकी अक्षरे आणि त्यांची जोडाक्षरे एवढाच त्याचा पसारा. चिनी आणि जपानी लिप्यांच्या टंकाला मात्र हजारो चिन्हे काढून ठेवावी लागतात, आणि त्याला दहा-वीस एमबी सहज लागतात. तरीही काही वाढ निव्वळ सैलपणाची आहे, हे खरे. जागा महाग होती, तेव्हा आज्ञा लिहिणारे एकेक बाइट वाचवीत. ती स्वस्त झाल्यावर ती सवय सुटली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. अट ६४ जीबीची असली, तरी विंडोज ११ स्वतः तेवढी जागा व्यापीत नाही. नव्याने बसविल्यावर ती साधारणपणे २० ते ३० जीबी व्यापते. मग उरलेली जागा कशाला हवी, असा प्रश्न सहज मनात येतो.

त्याचे पहिले उत्तर बसविण्याच्या कृतीतच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून किंवा इंटरनेटवरून येते, तेव्हा ती दाबून लहान केलेली असते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती मावते, म्हणून डिस्कवरही आठ जीबी पुरतील, असे समजणे चुकीचे होय. कडवे वाल रात्री भिजत घातले, तर सकाळी तेच भांडे पुरेनासे होते. तसेच या संचाचे होते. तो डिस्कवर उलगडला, की कितीतरी पटींनी फुगतो.

दुसरे उत्तर रोजच्या कामात आहे. रॅम अपुरी पडू लागली, की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातील काही मजकूर तात्पुरता डिस्कवर उतरवून ठेवते. संगणक चालू कामासह झोपविला, तर रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून ठेवावा लागतो. त्यासाठी विंडोज रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा अडवून ठेवते. रॅम ८ जीबी असेल, तर ही जागा तीन जीबींहून थोडी अधिक होते. २०१९ पासून नव्या यंत्रांवर विंडोज आणखी सुमारे सात जीबी जागा केवळ पुढील दुरुस्त्यांसाठी राखून ठेवते. वापरणाऱ्याला ही जागा रिकामी दिसत नाही आणि भरलेली का, तेही उमगत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि तेथे शाकारणीची आठवण होते. ऑपरेटिंग सिस्टिम एकदा बसविली म्हणजे काम संपले, असे होत नाही. तिच्यात उणिवा सापडतात. त्या उणिवांतून चोरटे लोक आत शिरू पाहतात. म्हणून तिच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, वरचेवर येत असतात. लहान दुरुस्ती म्हणजे चार कौले बदलणे. परंतु मोठी नवी आवृत्ती येते, तेव्हा सगळे छप्परच उतरवावे लागते. अशा वेळी जुनी आवृत्ती पुसून तिच्याच जागी नवी लिहीत जाणे धोक्याचे असते. रत्नागिरीला वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत वाऱ्याने फांदी मोडून तारेवर पडली, की वीज जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले. अर्धी जुनी पुसली गेली आहे, नवी अर्धीच लिहिली आहे, आणि त्याच क्षणी वीज गेली, तर यंत्रात धड कोणताच कारभारी उरणार नाही. म्हणून मोठी नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी आधी मांडली जाते, ती नीट बसली आहे याची खात्री केली जाते, आणि मगच कारभार तिच्याकडे सोपविला जातो. विंडोज तर जुनी आवृत्ती त्यानंतरही साधारण दहा दिवस बाजूला ठेवते. नवी पसंत पडली नाही, तर परत फिरता यावे हा त्यामागील हेतू. तेवढे दिवस एकाच घरात दोन बिऱ्हाडे नांदत असतात, आणि दोघांनाही जागा हवी असते.

आता एक व्यवहारी अडचण. ६४ जीबी म्हणून विकत आणलेली डिस्क विंडोजमध्ये उघडून पाहावी, तो तेथे ५९.६ जीबी असा आकडा दिसतो. दुकानदाराने फसविले, असे अनेकांना वाटते. परंतु त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. डिस्क बनविणारे १०० कोटी बाइटांना एक जीबी म्हणतात. विंडोज मात्र १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून येणाऱ्या १०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक जीबी धरते. बाइट तितकेच असतात. पायली मोठी घेतली, की माप कमी भरते. याच रीतीने १२८ जीबीची डिस्क ११९ आणि ५०० जीबीची ४६५ जीबी दिसते.

हा सर्व हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, रत्नागिरी शहरातील एखाद्या शाळेने १२८ जीबीची एसएसडी असलेला संगणक घेतला. दिसणारी जागा ११९ जीबी. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिने अडविलेली जागा मिळून ३० जीबी वजा केली. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी लागणारे अंगण म्हणून २० जीबी मोकळी सोडली. लेखन, गणित आणि चित्रकला यांची साधने पाच जीबींत बसली. उरली ६४. एसएसडी काठोकाठ भरली, तर तिचे काम मंदावते, म्हणून डिस्कचा दहावा हिस्सा, म्हणजे १२ जीबी, कधीच भरावयाचा नाही असे ठरविले. तरीही ५२ जीबी उरतात. चार एमबीचे एक छायाचित्र धरले, तर स्नेहसंमेलनाची सुमारे तेरा हजार छायाचित्रे त्यात राहतील. एवढ्यात शाळेचे सहज भागते.

याच शाळेकडे ३२ जीबीचा जुना लहान संगणक असेल, तर चित्र पालटते. दिसणारी जागा ३० जीबीहूनही थोडी कमी. त्यातील २० जीबी विंडोज १० ने व्यापली, की मोठ्या आवृत्तीसाठी अंगणच उरत नाही. दुरुस्ती उतरावयास लागते, अर्ध्यावर थांबते आणि जागा अपुरी असल्याचा संदेश पडद्यावर येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विंडोज ११ ला तर असा संगणक दारातच अडतो. त्यातच विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या विनामूल्य दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. तेव्हापासून असे यंत्र त्याच स्थितीत इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे फुटक्या कौलांखाली आषाढ काढणे होय.

असा संगणक लगेच भंगारात काढावा काय? तसे करण्याचे कारण नाही. मोठ्या बिऱ्हाडाला जागा पुरत नसेल, तर लहान बिऱ्हाड आणावे. लिनक्सच्या कुळातील डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम नेहमीच्या चित्रमय पडद्यासह बसविण्यास १० जीबी जागा असावी, असे तिच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. तिला पैसेही पडत नाहीत. तिच्याच आधारे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या भारतीय संस्थेने बॉस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स या नावाचे लघुरूप. तिची पहिली आवृत्ती २००७ साली निघाली आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय केली गेली. नव्या कारभाऱ्याच्या रीती वेगळ्या असतात. ओळखीची काही साधने त्याच्याकडे मिळत नाहीत, आणि हात बसेपर्यंत शिक्षक व विद्यार्थी दोघेही कुरकुर करतात. तरी निबंध लिहावयास आणि बेरजा-वजाबाक्या करावयास तो पुरेसा असतो.

डिस्कचे भाग पाडण्याविषयीही येथे सांगितले पाहिजे. पुष्कळ घरांत एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडलेले आढळतात. सीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम राहते आणि डीमध्ये घरच्यांचे सामान. कल्पना चांगली, परंतु भाग पाडणारा बहुधा सीला फार थोडी जागा देतो. दोन-तीन वर्षांत सीची पट्टी लाल होते, दुरुस्त्या अडतात, आणि पलीकडे डी अर्धा रिकामा पडलेला असतो. माजघर प्रशस्त बांधून स्वयंपाकघरात चूल मांडण्यापुरतीही जागा न ठेवण्यासारखेच हे झाले. डिस्क लहान असेल, तर भाग न पाडलेलेच बरे.

तथापि डिस्कवरील सर्व सामान एकाच मोलाचे नसते. ऑपरेटिंग सिस्टिम नष्ट झाली, तर ती पुन्हा आणून बसविता येते. तिच्या प्रती जगात कोट्यवधी आहेत. आजोबांचे छायाचित्र, दुकानाची उधारीची वही, शाळेची गुणपत्रके यांची प्रत मात्र त्या एका डिस्कवरच असू शकते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला महापूर आला आणि चिपळूण शहरातील घरांत, दुकानांत व कार्यालयांत पाणी शिरले. अशा पाण्यात कागद भिजतात, तसे संगणकही बुडतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यापूर्वी आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या सामानाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या ठिकाणी, उंचावर ठेवतात. त्याच खोलीत ठेवलेली प्रत पुराच्या पाण्याला निराळी नसते. ही प्रत घेताना मापाचा मघाचा फरकही विसरता येत नाही. विंडोजमध्ये ६० जीबी दिसणारा संग्रह ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावत नाही. तेथे जागा ५९.६ जीबीच असते, आणि दुकानात पुन्हा जाऊन १२८ जीबीचा पेनड्राइव्ह मागावा लागतो.